दोन गाण्यांच्या मधे

"चोर शोधून द्या," हर्षा मेश्राम म्हणाली, "सोमवारच्या आत."

धरमपेठेत साड्यांना फॉल-पिको करून देणारं एक दुकान आहे. त्याच्या वरच्या खोलीत ऋतुजा नंदनवारचं ऑफिस. आधी ती विमा कंपनीसाठी खोटे दावे पकडायची, आता स्वतःच्या नावानं खासगी तपास करते. सोबतीला तिचे मामा, मधुसूदन पराते. एसटीच्या कंट्रोल रूममधून रिटायर झालेले. मामांची कामं दोन. चहा सांगायचा, आणि प्रत्येक केसमध्ये ठामपणे चुकीच्या माणसाचं नाव घ्यायचं. दोन्ही कामं ते मन लावून करतात.

"काय चोरीला गेलं?" ऋतुजानं विचारलं.

"आईचा आवाज."

मामांचा कप तोंडापर्यंत जाऊन थांबला. "आवाज कसा चोरीले जाईन वं बाई?"

हर्षानं सांगितलं ते असं. तिची आई जनाबाई चाळीस वर्षांपासून भीमगीतं गाते. 'जनाबाई आणि पार्टी' म्हटलं की इंदोऱ्यापासून उमरेडपर्यंत लोक काम टाकून येतात. दिवाळीत तिच्या घशात गाठ निघाली. येत्या सोमवारी ऑपरेशन, त्यात स्वरयंत्रच काढणार. गेल्या रविवारी दुपारी विहाराच्या वर्धापन दिनाला ती शेवटचं गायली. अकरा गाणी. सोमवारी सकाळी उठली तर घशातून नुसती हवा. डॉक्टरांनी कुजबुजायलाही बंदी केली, तेव्हापासून ती वहीत लिहून बोलते.

"आणि त्या अकरा गाण्यांचं रेकॉर्डिंग गेलं," हर्षा म्हणाली. "धम्मानंददादा पार्टीत ढोलक वाजवतात. बारा वर्षांपासून वाजवता वाजवताच प्रत्येक कार्यक्रम रेकॉर्ड करतात. रविवारी जेवणं चालू असताना कुणीतरी त्यांच्या मशीनमधलं कार्ड काढून नेलं."

"मोबाईलवर कोणीच घेतलं नाही? आजकाल तर लोक वरणभाताचाही व्हिडिओ काढतात," मामा म्हणाले. कधी नव्हे तो रास्त प्रश्न.

"आईसमोर मोबाईल वर केला की ती गाणंच थांबवते. हात वर करायचा तर टाळीसाठी करा म्हणते. सगळ्यांना माहीत आहे, दादा रेकॉर्ड करतात. म्हणून कुणी केलंच नाही."

"तुम्ही होता तिथं?"

"होते न. उशीर झाला होता. सीताबर्डीला कपड्यांच्या शोरूममध्ये मॅनेजर आहे मी, त्या दिवशी सेल होता. मागच्या खुर्च्यांवर बसले. शेवटच्या रांगेत."

ऋतुजानं ते लिहून घेतलं.

"कार्ड मिळालं तर आईला बरं वाटेल?"

"आईनं तर मागितलंही नाही, मॅडम," हर्षा म्हणाली. "मला पाहिजे." आणि तिचे डोळे एकदम भरून आले.

*

साऊंड सर्व्हिसवाला पियूष पाचपावलीतल्या त्याच्या गोदामात वायरची भेंडोळी करत होता.

"माझ्यावर डाऊट आहे न? असणारच," तो म्हणाला. "माझा चॅनल आहे. मायचा शेवटचा प्रोग्राम टाकला असता तर तुफान चालला असता. पण मायले विचारल्याशिवाय टाकीन का मी?"

"तुमच्या मिक्सरवर रेकॉर्डिंग होत नाही?"

पियूषनं वायर खाली टाकली. "होते. बटण दाबलं असतं तर झालं असतं. धम्मानंदभाऊ करून राहिले होते, म्हणून मी दाबलं नाही. रविवारपासून तेच डोक्यात घुमून राहिलं."

"भाऊंचं मशीन कुठं असतं?"

"त्यांच्या गुडघ्यापाशी. मायच्या स्टँडवर त्यांचा बोटाएवढा माईक असते, त्याची वायर मशीनमध्ये. मैदानात धूळ उडते म्हणून मशीनले फडकं गुंडाळून ढोलकच्या दोरीनं बांधतात. दिवा-बिवा काही दिसत नाही, फडक्यावरूनच अंगठ्यानं बटण दाबतात."

"मोठे माईक पूर्ण वेळ चालू असतात?"

"गाण्यापुरते. गाणं संपलं की मी त्यांचा आवाज पाडतो, नाही तर शिट्टी वाजते. मायले लोकांशी बोलायचं असलं की हात करते, मग उघडतो."

"गर्दी किती होती?"

"विचारू नका! खुर्च्यांचा टेम्पोच आला नाही, मग सगळे सतरंज्यांवर. त्यामुळे उलट जास्तच मावले."

मामा गोदामातल्या एका मोठ्या स्पीकरवर टेकले होते, तो हलला. त्यांना सावरण्यात दोन मिनिटं गेली.

"जेवणाच्या वेळी बॅग कुठं होती?" ऋतुजानं विचारलं.

"भाऊ जेवलेच नाहीत. टेम्पोमागं बसून कानाले हेडफोन लावून ऐकत होते. मी बोलवाले गेलो तर म्हणे, पित्त झालं. चेहरा पांढरा पडला होता. मग पंगत उठल्यावर त्यांची बॅग मीच गाडीले अडकवली. मशीन वरच होतं, फडकं गुंडाळलेलं, गाठ मारलेली."

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "हाच. चॅनलवाले लोक काही खरे नाही."

*

धम्मानंद वासनिक हिंगण्याच्या एका कारखान्यात लेथ चालवतो. पन्नाशीचा, रुंद पंज्याचा माणूस. घरात भिंतीवर बारा वर्षांच्या कार्यक्रमांची यादी टांगलेली. तारीख, गाव, गाणी किती. गेल्या रविवारची ओळ मात्र लिहिलेली नव्हती.

मशीन त्यानं फडक्यासकट समोर ठेवलं. मामांनी गाठ सोडायला घेतली. नखं लावली, दात लावायचा विचार केला, शेवटी घाम पुसत म्हणाले, "हे का गाठ आहे गा? कुलूप आहे."

धम्मानंदनं दोन बोटांनी एक पीळ दिला आणि गाठ सुटली. "ढोलकची गाठ आहे, काका. वाजवणाऱ्यालेच सुटते."

"दोन्ही हात ढोलकवर, मग रेकॉर्डिंग जमतं कसं?" ऋतुजानं विचारलं.

"गाण्याआधी माय सूर लावते, तेवढ्यात अंगठा मारतो. सुरू. गाणं संपलं की पुन्हा मारतो. बंद. एकच बटण आहे. मधलं बोलणं-खोकणं मी घेत नाही. त्या वेळात मी ढोलकच्या कड्या ठोकून सुरात आणत असतो, मलेच काही ऐकू येत नाही."

"रविवारी कार्यक्रमानंतर ऐकून पाहिलंत?"

"नाही. घरी येऊन उघडलं तर कार्ड नव्हतं." हे त्यानं जमिनीकडे पाहत सांगितलं.

"जनाबाईंना गायला डॉक्टरांनी परवानगी दिली होती?"

धम्मानंद भिंतीवरच्या यादीकडे वळला. मग म्हणाला, "नाही. मीच म्हटलं, माय, एक शेवटचा कार्यक्रम होऊन जाऊ दे, मी टेप करतो, कायमचं राहीन. माय म्हणे, तू टेप करत असशीन तर गातो. माझ्या भरवशावर गायली ती. तिसऱ्या गाण्यानंतर तिच्या रुमालाले रक्त लागलं होतं. मले तेव्हा समजलं असतं तर ढोलक फेकून दिला असता मी, शप्पथ."

त्याच्या बायकोनं आणलेला चहा तसाच निवला.

*

पायल रामटेके पार्टीत कोरस धरते. आता जनाबाईंच्या जागी तीच गाणार. दिवसा एका दवाखान्यात नर्स आहे. ड्यूटी संपवून ती दवाखान्याबाहेरच्या बाकावर येऊन बसली.

"मॅडम, लोक म्हणून राहिले की मीच चोरलं. कोणी मायची तुलना माझ्याशी करू नये म्हणून." तिनं पर्स मांडीवर ओढून घेतली. "म्हणू द्या. मी त्याहून वाईट केलं."

"काय केलंत?"

"तिसरं गाणं झाल्यावर मायनं रुमाल तोंडाले लावला, त्याले रक्त होतं. मी कानात सांगितलं, माय, बस करा. मायनं शपथ घातली, कोणाले सांगायचं नाही. मी नर्स आहे, मॅडम! मले समजत होतं काय होऊन राहिलं. तरी मी पुढची सगळी गाणी कोरस धरला."

"नंतर कुणाला सांगितलंत? धम्मानंदना?"

"कोणालेच नाही. आज पहिल्यांदा तुम्हाले सांगून राहिली."

"रुमाल आणखी कुणी पाहिला?"

"मायनं लगेच कमरेले खोचला. घरी मीच धुतला."

ऋतुजानं क्षणभर डोळे मिटले. मग विचारलं, "गाणी किती ठरली होती?"

"आठ. पण अकरा झाली."

"का?"

"मायनं मनावर घेतलं," पायल म्हणाली आणि पर्सच्या चेनशी खेळत राहिली.

"एक शेवटचं. कार्यक्रमाची सुरुवात कशी झाली? मला बारीकसारीक सगळं सांगा."

"नेहमीसारखीच. हार घातले, मग सगळे उभे राहून त्रिशरण-पंचशील. हो, भाऊंनी वंदनेच्या आधीच मशीनचं बटण दाबलं. एरवी दाबत नाहीत. म्हणे, आज मायची वंदनाही येऊ दे. मग हात जोडून उभे राहिले. वंदना झाली, बसलो, आणि मायनं लगेच पहिल्या गाण्याचा सूर लावला."

रिक्षात बसल्यावर मामा म्हणाले, "हीच वं. पक्की. उद्यापासून पार्टी हिची."

"मामा, या केसमध्ये चोर नाही," ऋतुजा म्हणाली. "आणि मला आता हर्षाला तोंड दाखवायचं जिवावर आलं आहे."

*

शनिवारी दुपारी सगळे जनाबाईंच्या घरी जमले. जनाबाई पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. गळ्याभोवती मफलर, मांडीवर दोनशे पानी वही. हर्षा पायथ्याशी. पायल आणि पियूष खाली. धम्मानंद दारातच उभा राहिला, आत यायलाच तयार नव्हता.

"कार्ड जेवणाच्या वेळी कोणी काढलं नाही," ऋतुजानं सुरुवात केली. "मशीनला ढोलकची गाठ होती. माझ्या मामांना ती सुटली नाही. चोराला सुटली, असं धरू. पण कार्ड काढून त्यानं तीच गाठ पुन्हा मारली? पंगत उठल्यावर पियूषनं बॅग गाडीला लावली तेव्हा गाठ जागेवर होती. ती गाठ मारणारा इथं एकच माणूस आहे."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं.

"भाऊ?" पियूषचा विश्वास बसेना. "भाऊ स्वतःचंच कार्ड कायले लपवतीन?"

"मलाही तेच कोडं होतं. ते मला म्हणाले, मी ऐकलंच नाही. तुम्ही त्यांना हेडफोन लावलेलं पाहिलं, चेहरा पांढरा पडलेला. म्हणजे ऐकलं, आणि ऐकून हादरले. गाणी चांगली उतरली असती तर माणूस असा पांढरा पडत नाही."

"रेकॉर्डिंग झालंच नाही?" हर्षा ताडकन उठली.

"झालं. बसा." ऋतुजा शांतपणे म्हणाली. "धम्मानंद बोलता बोलता मला म्हणाले की तिसऱ्या गाण्यानंतर रुमालाला रक्त लागलं होतं. ते पायलला माहीत होतं आणि तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. गाणं संपलं की पियूष मोठे माईक बंद करतो. धम्मानंद त्या वेळी कड्या ठोकत असतात, त्यांना काही ऐकू येत नाही. मग त्यांना कळलं कुठून? एकच जागा उरते. जनाबाईंच्या स्टँडवरचा बोटाएवढा माईक. पण तो जोडलेला मशीनला, आणि मशीन तर दोन गाण्यांच्या मधे बंद असतं."

"असतेच," पायल म्हणाली.

"त्या दिवशी चालू होतं. आणि बटण एकच. एकदा दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. मधल्या वेळात चालू असेल, तर गाण्याच्या वेळी काय होतं?"

मामांचे ओठ हलत होते, ते बोटांवर सुरू-बंद, सुरू-बंद मोजत होते. मग ते म्हणाले, "अरे देवा."

"वंदना," ऋतुजा म्हणाली. "आजवर कधी दाबलं नव्हतं, त्या दिवशी यांनी वंदनेआधी बटण दाबलं. सुरू. मग हात जोडले. जोडलेल्या हातांनी बंद कसं करणार? वंदना संपताच पहिल्या गाण्याचा सूर लागला आणि बारा वर्षांच्या सवयीनं अंगठा पडला. यांच्या मते सुरू. मशीनच्या मते बंद. दिवा फडक्याखाली. तिथून पुढं प्रत्येक गाण्याला मशीन झोपलं आणि प्रत्येक गाणं संपल्यावर जागं झालं."

धम्मानंद उंबऱ्यावरच खाली बसला. त्याच्या रडण्याचा आवाज ऐकून शेजारची बाई खिडकीशी आली. पियूषनं खिडकी लावून घेतली.

"एक गाणं नाही आलं, माय," तो म्हणाला. "अकरातलं एक नाही. तू रक्त ओकत गायली अन् मी काय भरलं, तर खोकला. कोणत्या तोंडानं सांगू? चोरी झाली म्हटलं की लोक चोराले शिव्या देतीन, एवढंच सुचलं."

"एवढंच नाही," ऋतुजा म्हणाली. "लाजेपोटी लपवायचं असतं तर कार्ड पुसून टाकून मशीन बिघडलं म्हणता आलं असतं. तुम्ही पुसलं नाही. ते तुमच्या खिशात आहे, मघापासून तुमचा हात तिथंच जातो आहे. त्यात असं काही आहे, जे तुम्हाला फेकवत नाही आणि एका माणसाला ऐकवतही नाही."

मग ती हर्षाकडे वळली. या कामाचा तिला मनापासून तिटकारा आला होता.

"तुम्ही शेवटच्या रांगेत खुर्चीवर बसला होतात म्हणालात. त्या दिवशी मैदानात एकही खुर्ची नव्हती. मग दोन गाण्यांच्या मधे आई कोणाला शोधत असणार, याचा मी अंदाज केला. हे इथं सांगू नये असं मला वाटत होतं. पण कार्ड ऐकायचं की नाही हे तुम्हीच ठरवायला हवं, आणि त्यात काय आहे हे माहीत असल्याशिवाय तुम्ही ठरवणार कसं?"

हर्षानं तोंडावर हात घेतला. आईकडे पाहायची तिची हिंमत होईना.

"मी गेलेच नाही," ती म्हणाली. "निघता आलं असतं. मालक जा म्हणत होते. मला वाटलं, दादा रेकॉर्ड करतच आहेत, नंतर निवांत ऐकू. रेकॉर्डिंग आहे म्हणून गेले नाही मी! आणि घरी येऊन आईला सांगितलं, मागं बसले होते."

मग तिनं धम्मानंदपुढं हात केला. "द्या, दादा."

पियूषनं धम्मानंदच्या बॅगेतल्या मशीनमध्ये कार्ड घातलं आणि ते सोबत आणलेल्या छोट्या स्पीकरला जोडलं. पडद्यावर बारा फाईली होत्या. पहिलीत वंदना. दुसरीत टाळ्या, मग ढोलकच्या कड्यांची ठकठक, आणि अगदी जवळून, दम लागलेला, जनाबाईंचा आवाज.

"हर्षा आली का वं, पायल?"

"नाही माय. येतीन."

खट्. बंद. पुढची फाईल. टाळ्या, ठकठक.

"आली का?"

"नाही अजून."

त्यानंतरच्या फाईलीत पायलची कुजबुज होती, रक्ताबद्दलची. जनाबाईंनी तिला गप्प केलं, शपथ घातली आणि विचारलं, "समोरून पाह्य बरं, हर्षा दिसते का?" चौथ्यानंतर तेच. पाचव्यानंतर पाणी मागितलं, मग तेच. हर्षा दुपारी जेवली असेल की नाही, याची चिंता सहाव्यानंतर. आठव्यानंतर पायलचा आवाज जरा मोठा आला.

"आली माय! मागं बसली आहे."

"आली?" जनाबाई हसल्या. घोगऱ्या, खरखरत्या आवाजात, पण खुशीत. "मग अजून तीन गातो. तिच्या आवडीची."

खट्.

"मी खोटं बोलली," पायल रडत म्हणाली. "मले वाटलं आली म्हटलं की माय थांबीन. अजून तीन गाईन असं नव्हतं वाटलं."

शेवटची फाईल लांब होती. टाळ्या थांबता थांबत नव्हत्या. त्यात जनाबाई जवळजवळ हवेतच बोलल्या, "धम्मा, झालं न गा टेप?"

"हो माय. झालं. सगळं झालं."

हर्षा पलंगाच्या कडेला डोकं टेकून हुंदके देत होती. जनाबाईंनी तिच्या केसांत हात घातला आणि दुसऱ्या हातानं वहीत लिहिलं. वही त्यांनी ऋतुजाकडे केली. ऋतुजानं मोठ्यानं वाचलं.

"चाळीस वर्षं स्टेजवर आहे. स्टेजवरून सगळं दिसते. पोरगी आली नाही हे मले दिसत होतं."

"मग तीन गाणी काहून गायली, माय?" पायलनं विचारलं.

जनाबाईंनी लिहिलं, "मले गायचं होतं."

मग पान उलटून धम्मानंदसाठी लिहिलं, "पायलच्या कार्यक्रमाले फडकं बांधू नको. दिवा पाहत जा." ते वाचून तो रडता रडता हसला. पण लगेच त्याचा चेहरा पुन्हा पडला, आणि तो तसाच राहणार हे मामांनासुद्धा कळलं.

"आई, गाण्यांच्या तुझ्या दहा कॅसेट आहेत," हर्षा म्हणाली. "बोलणं मी कधी साठवलंच नाही. तुझा फोन आला की सेल चालू आहे म्हणून ठेवून द्यायचे."

जनाबाईंनी पुन्हा पेन उचललं. हळूहळू, एकेक अक्षर गिरवत लिहिलं आणि या वेळी वही हर्षालाच दिली.

"हे फेकू नको. आली का, हे आता मले कधीच तोंडानं विचारता येणार नाही."

हर्षानं डोळे पुसले. उठून मशीनपाशी गेली, दुसऱ्या फाईलवर आली. बटण दाबलं. टाळ्या, कड्यांची ठकठक, आणि तो दमलेला आवाज.

"हर्षा आली का वं, पायल?"

"आले, आई," हर्षा म्हणाली.

तिनं पुढची फाईल लावली. मशीननं पुन्हा विचारलं, आणि तिनं पुन्हा सांगितलं.